जाळं राहू दे, होडी वळव

आम्ही उजनीच्या काठावरच्या बाया बोलतोय. आमच्या बचत गटातल्या बहुतेक जणींच्या घरी होडी आहे, आणि निम्म्या जणी स्वतः होडीत बसतात, वल्हं मारतात, जाळं ओढतात. या कार्यक्रमात शेळीपालनाची माहिती झाली, परसबागेची झाली, शिवणकामाची झाली. तेव्हा आम्ही रेडिओवरच्या ताईंना म्हटलं, पाण्यावरच्या कामाबद्दलही कुणीतरी बोलायला पाहिजे. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच बोला. म्हणून आलो.

ज्यांनी उजनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. भीमा नदीवर माढा तालुक्यात हे धरण बांधलं, १९८० साली ते पुरं झालं. कागदावर त्याचं नाव यशवंतसागर, पण तोंडात उजनीच. भिंत सोलापूर जिल्ह्यात आणि पाण्याचा फुगवटा माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड असा तीन जिल्ह्यांत गेलेला. भरलं की तीनशे चौरस किलोमीटरच्या वर पाणी पसरतं. ११७ टीएमसीचं धरण, पण त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात तुम्ही बातम्यांत ऐकता, उजनी उणे इतके टक्के. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, धरण कोरडं पडलं. तसं नसतं. उणे झालेल्या उजनीतसुद्धा माणूस बुडेल एवढं पाणी असतं, आणि ते आणखी फसवं असतं. ते पुढं सांगतो.

एवढ्या पाण्यात आमची होडी केवढी? दोन माणसं, एक जाळ्याचा ढीग आणि माशांचं एक टोपलं मावेल एवढी. काहींची पत्र्याची, काहींची फायबरची. ज्याला होडी परवडत नाही तो थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून जातो. काठावर उभं राहून बघितलं की होडी दिसत नाही, नुसतं माणूस पाण्यावर बसलेलं दिसतं.

मागं आमच्यातल्या एकीच्या पोरानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला एक माणूस मोठ्या तळ्यात एकटाच लांबट, निमुळत्या होडीत पाय पसरून बसलाय, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि गळ टाकून मासे धरतोय. त्या होडीला कयाक म्हणतात. पोरगं म्हणालं, आई, हे लोक हौसेनं जातात. आम्ही हसलो. पण मग बघत बसलो, कारण त्याच्या अडचणी आमच्याच होत्या. होडी हलकी, माणूस पाण्याच्या इतका जवळ की लाट थेट मांडीवर. वारं आलं की होडीचं तोंड आपसूक फिरतं. एका हाताने मासा सांभाळायचा तर वल्हं मारायला हात उरत नाही.

ही कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखातली. ग्रीनलँडसारख्या ठिकाणचे इन्युइट लोक ती सील नावाच्या प्राण्याच्या शिकारीला वापरायचे. सांगाडा पुरुष बांधायचे आणि त्यावर सीलचं कातडं शिवून चढवायचं काम बायकांचं. शिवायचं कसं, तर सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, निम्म्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे टाक्याच्या भोकातून पाणी आत येत नाही. शिवण सुटली तर गेलेला माणूस परत येणार नाही, हे शिवणारीला माहीत असायचं. वरूनही ती होडी बंद असते, माणूस बसतो तेवढंच भोक. आमची होडी परातीसारखी उघडी. चार लाटा आत आल्या की जड होते, जड झाली की आणखी खाली बसते, मग पाचवी लाट अडवायला काठच उरत नाही.

आता वाऱ्याचं सांगतो, कारण मोठ्या तलावात माणूस मारतं ते वारं. किती खोल आहे याला तसा अर्थ नाही. डोक्यावरून पाणी गेलं की दहा फूट काय आणि शंभर फूट काय, सारखंच. नदीवर वारं सुटलं तर पाणी थोडं हलतं, कारण वाऱ्याला धावायला जागाच नसते. तलावावर वारं कोसभर, दोन कोस मोकळं धावत येतं आणि जेवढं लांबून येतं तेवढी लाट मोठी होते. त्यातही तलावाची लाट समुद्रासारखी लांबलचक नसते. आखूड आणि उभी असते, एकामागून एक लगोलग येते. होडी एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी.

एक गोष्ट काठावरच्या बाईला बघून कळली पाहिजे. वारं आपल्या काठाकडून आत, पाण्याकडे वाहत असेल तर काठाजवळ पाणी गुळगुळीत दिसतं. बाभळी हलतायत, धूळ उडतेय, पण पाणी शांत. नवखा माणूस म्हणतो, काही नाही, जाऊन येतो. वारं पाठीमागून ढकलत असतं म्हणून जाताना वल्हं मारायलाही लागत नाही. अर्ध्या पाण्यात गेल्यावर लाट उठते आणि वळायला बघतो तर तेच वारं तोंडावर. म्हणून जुनी माणसं जाळं नेहमी वाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला टाकतात. जाताना ताकद लावायची, येताना वाऱ्यानं घरी आणायचं. दमलेल्या माणसाला परतीचं वारं पाठीशी लागतं. हा हिशेब ज्याला कळला तो म्हातारा होईपर्यंत मासेमारी करतो.

वाऱ्याच्या वेळा आमच्या पाठ असतात. थंडीत पहाटे पाणी आरशासारखं, पण धुकं असं पडतं की आपला काठ कुठला नि समोरचा कुठला कळत नाही. पावसाळ्यात पश्चिमेचं वारं दिवसभर एकसारखं असतं, त्याचा तरी भरवसा. वाईट दिवस वळवाचे. एप्रिल, मे आणि जूनची सुरुवात. दुपारपर्यंत उकडून जीव जातो, पान हलत नाही. चारच्या पुढं कुठंतरी काळं भरून येतं. आणि पाऊस यायच्या आधी, अजून ऊन असतानाच, एकदम गार झोत येतो. अंगाला बरं वाटतं. तोच धोक्याचा. तो झोत लागल्यावर वादळ यायला फार वेळ लागत नाही, आणि वारं असं फिरतं की मघाशी पाठीवर होतं ते आता कुशीवर.

आता बघा, आमची जाळी सोडायची वेळ कोणती? संध्याकाळी चार-पाचची. संध्याकाळी सोडायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं, पहाटे काढायचं. म्हणजे वळवाची वेळ आणि जाळं सोडायची वेळ एकच. आमच्यातल्या काही घरांनी यावर उपाय काढला. वळवाच्या दिवसांत जाळं सकाळीच सोडायचं आणि दुसऱ्या सकाळी काढायचं. यात तोटा आहे, तो लपवत नाही. दिवसाच्या गरम पाण्यात अडकलेला मासा नरम पडतो, व्यापारी भाव पाडून मागतो. चिलापीचं तर विचारूच नका. पण ते दोन महिने निभावून न्यायचे.

२१ मे २०२४ ची संध्याकाळ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली, त्यात दोन लहान लेकरं. एकजण पोहत काठाला लागला. ती माणसं ने-आण करणारी होडी होती, मासेमारीची नव्हती. पण वारं तेच आणि वेळही तीच. पुढचे दोन दिवस शोध चालला होता आणि काठावर कुणाच्या घरात धड चूल पेटली नाही.

विजेचंही याच्यातच सांगतो. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे होडीतला माणूस. वीज चमकल्यावर आकडे मोजायचे. गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन आकडे झाले तर वीज साधारण एक किलोमीटरवर. तिसाच्या आत आवाज आला तर काठाला यायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलंय, ते आपण आहोत तिथल्या आसपास वीज पडायचा इशारा देतं. फुकट आहे. घरातल्या पोरांना सांगितलं तर दोन मिनिटांत टाकून देतात. मोबाईल त्यांच्याच हातात असतो नाहीतरी.

आता मघाशी म्हटलं ते उणे पाण्याचं. पाणी उतरलं की धरणात बुडालेली जुनी गावं वर येतात. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं तेव्हा लोक गाड्या करून बघायला येतात. पण देऊळ दिसतं तरी. पाण्याखाली वीतभर राहिलेली घराची भिंत, विहिरीचं बांधकाम, बाभळीचा बुंधा दिसत नाही. पत्र्याची होडी त्यावर चढली की फाटते, जाळं त्यात अडकलं की ओढणारा जोर लावतो आणि होडी एका अंगावर जाते. काठाला मैलभर गाळ. वरून वाळलेला, आत लोणी. बुडता बुडता काठाजवळ आलेला माणूस गाळात रुतून बसतो. त्यात शेतकऱ्यांच्या मोटारी. पाणी मागं सरलं की मोटारी त्याच्या मागं जातात, केबलीही पाण्यातनं जातात. जोडलेली केबल ओल्या हाताने उचलून होडी खालून काढणं हा खेळ नाही. आमचं एकच सांगणं असतं, केबल दिसली तर वळसा घाला, उशीर होऊ द्या.

पावसाळ्यात उलटं. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की दौंडचा विसर्ग वाढतो, आणि त्या पाण्यासोबत ओंडके, जलपर्णी, काय काय वाहत येतं. जलपर्णीचं बेट वाऱ्याने सरकत येऊन होडीला चारी बाजूंनी घेरतं. वल्हं चालत नाही, उतरताही येत नाही. अशा वेळी दमून जाण्यापेक्षा बसून राहायचं, वारं फिरलं की ते सुटतं.

तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर काठाजवळच मासे धरा की. पूर्वी तसंच होतं. आमच्या सासवा सांगतात, काठापासून हाकेच्या अंतरावर जाळं टाकलं तरी कटला, रोहू, वांब, मरळ, सगळं मिळायचं. आता बारीक डोळ्याच्या वडाप जाळ्यांनी अंगठ्याएवढी पिल्लंसुद्धा ओढून काढतात. पिल्लूच राहिलं नाही तर मोठा मासा कुठून येणार? वर शहरांचं सांडपाणी. काठाजवळ उरली ती चिलापी. म्हणून लहान होडी घेऊन माणूस दरवर्षी थोडा आणखी आत जातो. ज्या होडीचं काम काठाजवळचं, ती भर पाण्यात चाललीये.

जाळं ओढताना होडी का उलटते तेही ऐका. ओलं जाळं जड असतं. दोघांनी एकाच बाजूला वाकायचं नाही, हे लेकरालाही कळतं, पण मोठा मासा दिसला की दोघं वाकतात. उभं राहून ओढायचं नाही, गुडघ्यावर बसून ओढायचं. जमेल तेवढं होडीच्या तोंडाकडून ओढायचं, म्हणजे तोंड वाऱ्याकडे राहतं आणि लाट कुशीवर येत नाही. जाळ्याची दोरी मनगटाला किंवा कमरेला कधीच गुंडाळायची नाही. हाताशी एक धारदार विळा बांधून ठेवायचा. पाय जाळ्यात अडकला तर गाठी सोडवत बसायचं नाही, कापायचं. भरलेल्या होडीचा काठ पाण्याच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे. चार बोटं राहिला तर मासे जास्त झाले असं समजायचं.

बायकांच्या अंगावरच्या कपड्यांवर आमच्यात बरीच वादावादी झाली. साडी ओली झाली की पायाला गुंडाळते, मग पोहता येत असूनही पाय हलत नाहीत. आणि पोहता येणाऱ्या बाया किती? काठावर जन्म गेला तरी बहुतेकींना येत नाही. पोरांना विहिरीत ढकलून शिकवतात, पोरींना घागर देऊन पाणी आणायला पाठवतात. आता आमच्यातल्या तरुण जणी होडीत जाताना पंजाबी ड्रेस घालतात, वरून मालकांचा जुना शर्ट. मोठ्या वयाच्या कासोटा घट्ट मारतात. एका आत्याबाईंनी नाक मुरडलं होतं, पण जाकीट आणल्यावर सगळ्यात आधी त्याच घालून बसल्या, फोटोही काढून घेतला.

जाकीट म्हणजे लाईफ जॅकेट. याच्याबद्दल पुरुषांचं ठरलेलं उत्तर, आम्हाला पोहता येतं. येतं ना. पण डोक्याला वल्हं लागलं तर? दोन किलोमीटर आत, लाटेत, अंगात ताप असला तर? आपलं अंग पाण्यात जवळजवळ तरंगतंच, नाकतोंड वर राहायला थोडासाच आधार लागतो. म्हणूनच आपल्याकडे पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा कॅन बांधून पोहायला शिकवतात. पाच लिटरचा झाकण घट्ट असलेला कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलोचा भार पेलतो. मग कॅनच का नको? कारण पाठीला बांधलेला कॅन शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड पाण्यात दाबतो. चांगल्या लाईफ जॅकेटमध्ये फोम छातीकडे जास्त असतो, त्याने तोंड वर राहायला मदत होते. घेताना आत फोम आहे का बघा, हवा भरायचं खेळण्यातलं घेऊ नका. पट्टे लावून कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लेकराला मोठ्यांचं घालायचं नाही, ते त्यातून खाली निसटतं. आणि होडीत बसायच्या फळीखाली ठेवलेलं जाकीट म्हणजे पेटीत ठेवलेली छत्री.

कॅनचा उपयोग दुसरा आहे. दोन्ही टोकांच्या फळ्यांखाली असे रिकामे कॅन दोरीने घट्ट आवळून बांधायचे. होडीत पाणी भरलं, उलटली, तरी मग ती तळाला जात नाही. कयाक वरून बंद असते, आपल्याला तसं करता येत नाही, पण एवढं करता येतं, आणि त्याला दोरीशिवाय खर्च नाही. होडी उलटली तर तिला धरून राहायचं. काठ जवळ दिसतो, पण पाण्यावरून सगळंच जवळ दिसतं. एक मोकळा कॅन लांब दोरी बांधून काठावर पण ठेवायचा. बुडणाऱ्याकडे उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. नाहीतर एकाच्या जागी दोन जातात. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, चाकावर फिरवणं, यात फक्त वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हे करून बघितल्याशिवाय येत नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना बोलवा आणि गटाच्या बैठकीत शिकून घ्या.

फोनवरून आठवलं. वारं सुटलं की आपण घाबरून होडीवरच्या माणसाला फोन लावतो. तो एक हात वल्ह्यावरून काढतो, खिसा चाचपतो. नका लावू. आम्ही घाटावर एका उंच वाशाला जुनी लाल साडी बांधायची पद्धत पाडलीये. ती नुसती हलत असेल तर ठीक. आडवी ताठ झाली आणि पाण्यावर लाटांच्या डोक्याला पांढरा फेस दिसायला लागला, तर कुणी होडी सोडायची नाही. आत असलेल्यांना ती साडी लांबून दिसते. कुणाचं जाळं कुठल्या अंगाला आहे, किती वाजता गेले, हे जाताना घरात सांगून जायचं. भांडण झालेलं असलं तरी सांगून जायचं.

पण मैत्रिणींनो, हे सगळं ज्याला सांगतोय त्याला ते माहीत असतं. गार झोत लागला की होडी वळवायची, हे आमच्या मालकांना आम्ही काय शिकवणार? तरी ती वळत नाही. का? कारण आत जाळं आहे. जाळं उसनवारीनं घेतलेलं. व्यापाऱ्याची उचल घेतलेली, ती रोजच्या माशातून फिटायची. जाळं वाऱ्याने गुंडाळून नेलं, नाहीतर बुंध्यात फाटलं, तर मासा बंद, उचल तशीच, आणि नवं जाळं घ्यायला परत त्याच्याच दारात. मग माणूस म्हणतो, एवढं ओढून घेतो आणि निघतो. त्या ‘एवढं’मध्ये जातात माणसं. होडी वळवायची की नाही हे पाण्यावर ठरत नाही, घरातल्या डब्यात किती पैसे आहेत त्यावर ठरतं.

हे एकदा आमच्या बैठकीत बोलता बोलता निघालं. एक वहिनी म्हणाली, मी रोज त्यांना सांगते लवकर या, आणि रोज विचारते किती मिळाले. दोन्ही मीच बोलते. कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर आम्ही बचतीच्या वेगळा एक डबा केला. महिन्याला प्रत्येकीचे वीस रुपये. नाव काही मोठं ठेवलं नाही, जाळ्याचा डबा म्हणतो. वाऱ्याचं भय बघून कुणी जाळं पाण्यात सोडून परत आलं आणि ते जाळं गेलं, तर नव्या जाळ्याला त्या डब्यातून पैसे. व्याज नाही. मासा लागायला लागला की हप्त्याने परत. अट एकच, त्या दिवशी माणूस काठाला आलेला पाहिजे आणि जाकीट अंगात पाहिजे.

विरोध झाला. पुरुष म्हणाले, बायका आता जाळ्याचा विमा काढायला लागल्या. आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या, मग जो तो म्हणेल वाऱ्यानं नेलं, जुनं जाळं फेकून नवं मागेल. त्यावर सगळ्यात म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, काठावर कुणाच्या जाळ्याला किती गाठी आहेत हे चार घरांना ठाऊक असतं, कोण खोटं बोलणार? खरंच तसा प्रसंग अजून आलेला नाही. पैसे मात्र पुरत नाहीत, हे खरं आहे. एका वेळी दोन घरांची जाळी गेली तर दुसऱ्याला थांबावं लागतं. यंदाच्या वळवात तसंच झालं. दोन जाळी गेली, एकीला लगेच पैसे दिले, दुसरीला महिन्याने. पण दोन्ही घरची माणसं त्या रात्री जेवायला घरी होती.

आता कागदाचं बोलून थांबतो. होडीवर जाणाऱ्या बाईचं नाव बहुतेक ठिकाणी कुठंच नसतं. सोसायटीचं सभासदत्व मालकांच्या नावावर, परवाना मालकांच्या नावावर. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारी करणाऱ्यांसाठी अपघात विम्याची तरतूद आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्याच्या खर्चासाठी २५ हजारांपर्यंत. पण नाव नोंदलेलं असेल तर. जिची नोंद नाही ती सरकारच्या लेखी काठावर उभी होती. याच योजनेत होडी आणि जाळ्यासारख्या कामांना सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्क्यांपर्यंत मदत असते. यंदा कशाला पैसे आहेत आणि अर्ज कधी घेतात, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. एकटीनं जाऊ नका, चार जणी जा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सोसायटीचा दाखला आणि फोटो बरोबर ठेवा. आमच्या आठ जणींची नोंद झालीये, तिघींच्या नावातल्या चुकांमुळे अडकलीये. एकीच्या आधारवर माहेरचं आडनाव आहे. त्या तिघींना घेऊन आम्ही सोमवारी परत जाणार आहोत. कुणाला आमच्याबरोबर यायचं असेल तर सकाळच्या पहिल्या एसटीला स्टँडवर या.